‘केलेरितेर’ : पटकन, लगेच, झटपट की आणखी काही?

शाईपेन

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी मध्ययुगीन इतिहास शिकायला जर्मनीत आले. या विषयासाठी मला लॅटिनुम नावाची लॅटिन भाषेची परीक्षा द्यायची आहे. सीझर-सिसेरोच्या तोडीचा एक उतारा द्यायचा, शब्दकोश जवळ ठेवायला परवानगी, आणि तो जर्मनमध्ये उतरवायचा. माझं जर्मन अजून तितकं पक्कं नाही. म्हणून मी आधी वहीत मराठीत अर्थ लावते आणि मग जर्मनकडे वळते. मराठीत वाक्य बसलं की मला खात्री वाटते की समजलं.

सध्या अडले आहे ती एका साध्या क्रियाविशेषणावर. शब्द ‘केलेरितेर’. शब्दकोशात अर्थ ‘वेगाने, त्वरेने’. वाक्य सीझरच्या गॅलिक युद्धाच्या वृत्तांतातलं, पहिल्या पुस्तकाचा अठरावा परिच्छेद:

‘केलेरितेर कोन्किलियुम दिमित्तित, लिस्कुम रेतिनेत.’

प्रसंग इ.स.पू. ५८ चा. गॉलमधल्या एदुई जमातीच्या लोकांनी सीझरच्या सैन्याला धान्य द्यायचं कबूल केलंय आणि ते येत नाहीये. आज येईल, उद्या येईल असं चाललंय. सीझर त्यांच्या प्रमुखांना बोलावून खडसावतो. त्यांच्यातला त्या वर्षीचा मुख्य अधिकारी लिस्कुस कबूल करतो की काही खासगी माणसांचं वजन आमच्या अधिकाऱ्यांपेक्षा जास्त आहे. तो नाव घेत नाही, पण रोख त्यांच्यातल्याच दुमनोरिक्सकडे आहे हे सीझरला कळतं. आणि दुमनोरिक्सचा सख्खा भाऊ दिविकियाकुस तिथेच बसलाय. इतक्या जणांसमोर हा विषय चघळला जायला नको, म्हणून सीझर सभा ‘केलेरितेर’ संपवतो आणि लिस्कुसला थांबवतो.

माझ्या वहीत आतापर्यंत चार शब्द लिहून खोडलेत : पटकन, लगेच, घाईघाईने, तडकाफडकी. प्रत्येकात काहीतरी खुपतंय. तुम्ही काय म्हणाल?

धोपटमार्ग

‘पटकन’ला काय हरकत आहे? अर्थ पोचतो की.

शाईपेन

पोचतो, पण सीझर शिक्षक वर्ग सोडतो तसा वाटायला लागतो. आणि ‘तडकाफडकी’त राग येतो. इथे तो रागावलेला नाही, सावध झालाय.

दंडान्वय

मी ३१ वर्षं संस्कृत शिकवलं, निवृत्तीनंतर हौसेने लॅटिन शिकलो. आधी शब्दाची घडण पाहू, मग निवड सोपी जाईल.

मूळ विशेषण ‘केलेर’, म्हणजे वेगवान. त्याला ‘-इतेर’ जोडून क्रियाविशेषण झालं. याच साच्यात ‘फोर्तिस’चं ‘फोर्तितेर’ होतं. ‘वेलोक्स’चं ‘वेलोकितेर’ होतं. दुसऱ्या गटातली विशेषणं ‘-ए’ घेतात : ‘रापिदुस’चं ‘रापिदे’. तिसरा एक छोटा गट ‘-इम’वाला : ‘स्तातिम’ म्हणजे ताबडतोब, ‘पाउलातिम’ म्हणजे हळूहळू, ‘राप्तिम’ म्हणजे हाती लागेल ते उचलून पळावं तशा घाईत. ‘राप्तिम’ हा ‘रापेरे’ म्हणजे हिसकावणे या धातूवरून आला, त्यामुळे त्यात ओढाताण आहेच.

तुलनेची रूपं : केलेरितेर, केलेरिउस, केलेर्रिमे. वेगाने, अधिक वेगाने, सर्वांत वेगाने. यातलं ‘केलेरिउस’ हे विशेषणाचं नपुंसकलिंगी एकवचन. संस्कृतात ‘शीघ्रम्’, ‘सत्वरम्’ ही क्रियाविशेषणं अशीच नपुंसकलिंगी द्वितीयेतून होतात. आपण मराठीत ‘सत्वर’ म्हणतो तेव्हा त्या प्रत्ययाचा ‘म्’ गळालेला असतो, इतकंच. आणि ‘वेगाने’, ‘त्वरेने’ या आपल्या तृतीया. लॅटिनमध्ये तृतीया वेगळी राहिली नाही, ती पंचमीत मिसळली. म्हणून सीझर कधी ‘केलेरितेर’ लिहितो, तर कधी ‘माग्ना केलेरिताते’, म्हणजे ‘मोठ्या वेगाने’.

एक नातं सांगितल्याशिवाय राहवत नाही. लॅटिनमध्ये ‘ओकिउस’ असं एक क्रियाविशेषण आहे, अर्थ ‘अधिक त्वरेने’. याचं साधं, तुलना नसलेलं रूप लॅटिनमध्ये उरलंच नाही. ते ग्रीकमध्ये ‘ओकुस’ म्हणून आहे आणि आपल्याकडे ‘आशु’ म्हणून. आशुकवी म्हणजे उभ्याउभ्या कविता करणारा. रोमन माणसाने घाई करताना म्हटलेला ‘ओकिउस’ आणि आपला आशुकवी एकाच घरातले आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी शब्दकोश मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

शाईपेन

सर, ‘आशु’चं माहीत नव्हतं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

रातपाळी

‘स्तातिम’ वाचून थांबले. मी नर्स आहे, १४ वर्षं झाली. आमच्या वॉर्डात हा शब्द रोज असतो, फक्त अर्धा. डॉक्टर केसपेपरवर ‘स्टॅट’ लिहितात, आम्ही म्हणतो ‘स्टॅट डोस द्या’. औषधाच्या कागदावरचं बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस हे सगळंच लॅटिन आहे : दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना, लागलं तर.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. केसपेपरवर एका इंजेक्शनपुढे ‘स्टॅट’ लिहिलं होतं. मी ते ‘स्टार्ट’ समजले. डोस दिला आणि चार्टवर पुढचे डोसही मांडले, सकाळचा, संध्याकाळचा. संध्याकाळच्या डोसची तयारी करत असताना सीनियर सिस्टरांनी चार्ट पाहिला आणि माझा हात धरला. म्हणाल्या, स्टॅट म्हणजे आत्ता, आणि एकदाच. पुढचं डॉक्टर वेगळं लिहितील. पेशंटला काही झालं नाही. पण हात धरलेला मला अजून आठवतो. तेव्हापासून नवीन मुलींना पहिल्या दिवशी मी हा शब्द समजावते.

म्हणून विचारते, ‘स्तातिम’ आणि ‘केलेरितेर’ यांत फरक काय? आमच्यासाठी तो फरक मोठा आहे. काही इंजेक्शनं स्टॅट द्यायची असतात, पण पटकन ढकलायची नसतात, मिनिटं मोजून हळू द्यावी लागतात.

दंडान्वय

ताई, तुम्ही प्रश्नातच उत्तर दिलंत.

‘स्तातिम’ हा ‘स्तारे’ म्हणजे उभे राहणे यावरून आला, आपला ‘स्था’ धातू तोच. जागच्या जागी, उभ्याउभ्या. म्हणजे काम सुरू व्हायला वेळ लागू नये. ‘केलेरितेर’ म्हणजे काम चालू झाल्यावर ते थोडक्या वेळात व्हावं. मराठीत हा फरक आपण रोज करतो. आई ‘लगेच जेव’ म्हणते तेव्हा हातातलं टाकून पानावर बस असं म्हणते. ‘पटकन जेव’ म्हणते तेव्हा पानावर बसलेल्या पोराला रेंगाळू नकोस म्हणते. स्टॅट द्यायचं पण हळू द्यायचं इंजेक्शन म्हणजे स्तातिम आहे, केलेरितेर नाही.

मग येतो ‘कितो’. हा आपल्या ‘लवकर’सारखा, दोन्हीकडे चालतो. ‘लवकर ये’ म्हटलं तर निघायला उशीर करू नकोस असाही अर्थ होतो, वाटेत रेंगाळू नकोस असाही. आणि ‘फेस्तिनान्तेर’मध्ये पायांपेक्षा मनाची घाई जास्त. ते आपलं ‘घाईघाईने’.

निर्मळकाठ

मी वसईचा, वय ७४. लहानपणी चर्चमध्ये वेदीसेवक होतो. तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. त्याआधी आम्ही पोरं लॅटिन उत्तरं तोंडपाठ म्हणायचो, अर्थ न कळता. चुकलो तर फादर भुवई वर करायचे, तेवढं पुरे असायचं.

संध्याकाळच्या प्रार्थनेची सुरुवात मला अजून येते : ‘देउस, इन आदियुतोरियुम मेउम इन्तेन्दे, दोमिने, आद आदियुवान्दुम मे फेस्तिना.’ देवा, माझ्या साहाय्याला ये. प्रभू, मला मदत करायला त्वरा कर. हे स्तोत्रसंहितेतलं आहे. दंडान्वय सरांनी ‘फेस्तिनान्तेर’ला मनाची घाई म्हटलं ते मला फार पटलं, कारण इथे बोलणारा माणूस बुडत आलेला आहे. तो देवाला वेग किती ठेव ते सांगत नाही, त्याचा स्वतःचा जीव घाईला आलाय.

दुसऱ्या एका स्तोत्रात ‘वेलोचितेर एक्साउदि मे, दोमिने’ असं येतं, सत्वर माझं ऐक. आणि योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू यहूदाला सांगतो, ‘क्वोद फाचिस, फाक चितिउस.’ जे करतोस ते लवकर कर. माझ्या आजीला लिहितावाचता येत नव्हतं, पण हे वाक्य मराठीत ऐकलं की ती डोळे मिटून घ्यायची. म्हणायची, एवढं माहीत असून त्याने त्याला अडवलं नाही रे.

मी वर ‘च’ लिहिलाय, तुम्ही ‘क’ लिहिताय. आम्हाला ‘चेलेरितेर’, ‘चितो’ असंच शिकवलं होतं. चूक कोणाची?

शाईपेन

आबा, कोणाचीच नाही. चर्चमधला उच्चार इटलीच्या वळणाचा, त्यात ‘ए’, ‘इ’पुढे ‘च’ होतो. सीझरच्या काळात तिथे ‘क’च होता. इथले जुने जर्मन शिक्षक तिसरंच म्हणतात, ‘त्सेलेरितेर’. आघात मात्र तिन्हींत ‘ले’वर येतो. तुमच्या आजींची आठवण वाचून मी आज पुढे काही वाचू शकले नाही.

पळभर

मी मॅरेथॉन पळते, लॅटिन येत नाही. पण निर्मळकाठ आबांचं ‘चितिउस’ म्हणजे ऑलिंपिकच्या ब्रीदातलं ‘सिटियस’च ना?

दंडान्वय

तेच. ‘कितो’चं तुलनादर्शक रूप. ‘कितिउस, आल्तिउस, फोर्तिउस’. हे शब्द दिदों नावाच्या डॉमिनिकन धर्मगुरूंचे. त्यांनी ते शाळेतल्या मुलांच्या खेळांसाठी वापरले, त्यांचे स्नेही कुबेर्तां यांनी १८९४ मध्ये ऑलिंपिक समिती स्थापन होताना घेतले, आणि १९२४ च्या पॅरिस स्पर्धेत ते झळकले. २०२१ मध्ये त्याला ‘कोम्मुनितेर’ जोडलं, म्हणजे ‘एकत्र’. पाहा, तोच ‘-इतेर’, ‘केलेरितेर’चा भाऊ.

मला एक गोष्ट नेहमी बोचते. मराठीत हे ब्रीद ‘अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान’ असं छापून येतं. ही विशेषणं झाली, म्हणजे माणसाची वर्णनं. मूळ तिन्ही क्रियाविशेषणं म्हणून घेतली जातात, कृतीची वर्णनं : अधिक वेगाने, अधिक उंच जाऊन, अधिक जोमाने. तू बलवान हो असं त्यात नाही, जे करतोस ते आणखी जोमाने कर असं आहे.

पळभर

हे मला फार लागू पडलं. मी वेगवान नाही, कधी होणारही नाही. पण गेल्या वेळेपेक्षा वेगाने पळता येतं. पळताना तेच तर असतं.

कोरा_पानठा

अनुवादाचं काम करते म्हणून लिहिते. एकच मराठी शब्द शोधत बसलात तर अडकाल. त्याच ‘केलेरितेर’ची आणखी तीन-चार वाक्यं शेजारी ठेवून बघा.

पुब्लिलियुस सिरुस, इ.स.पू. पहिलं शतक, गुलाम म्हणून रोममध्ये आलेला आणि पुढे मुक्त झालेला. त्याचं वचन : ‘इनोपि बेनेफिकियुम बिस दात, क्वि दात केलेरितेर.’ गरजूला जो ‘केलेरितेर’ देतो, तो दोनदा देतो. इथे ‘पटकन देतो’ म्हणालात तर नोटा भराभर मोजून दिल्यासारखं वाटतं. इथे ‘लगेच’ हवं, किंवा अजून नेमकं ‘ताटकळत न ठेवता’. म्हणजे दंडान्वय सरांनी स्तातिम आणि केलेरितेरमध्ये आखलेली रेघ रोमन लोक स्वतःच ओलांडत होते. पुढे हे वचन लोकांच्या तोंडी ‘बिस दात क्वि कितो दात’ असं झालं. लोकांनी केलेरितेर काढून कितो घातला, आणि आपल्या हिशोबात तो ‘लवकर’ झाला.

सीझरने इ.स.पू. ४७ मध्ये झेला इथे पोंतुसच्या राजाला हरवलं. विजयाच्या मिरवणुकीत त्याने फलक मिरवला : वेनि, विदि, विकि. आलो, पाहिलं, जिंकलं. रोमन चरित्रकार सुएतोनियुस हे सांगताना म्हणतो की बाकीच्या फलकांवर युद्धातल्या घटना होत्या, या फलकावर मात्र ‘केलेरितेर’ संपलेल्या युद्धाची खूण होती. इथे मी ‘चुटकीसरशी’ लिहीन. त्यात थोडा तोरा आहे, आणि तो त्या फलकातही आहे.

आता ऑगस्टस. हाच सुएतोनियुस सांगतो की त्याच्या तोंडी असायचं, ‘सात केलेरितेर फिएरि क्विदक्विद फिआत सातिस बेने.’ जे पुरेसं नीट होतं, ते पुरेशा लवकर झालंच म्हणायचं. इथे ‘लवकर’. आणि झटपट झालेल्या कामाबद्दल तो म्हणायचा, ‘केलेरिउस क्वाम आस्पारागि कोकुन्तुर’, शतावरीचे कोंब शिजतात त्याहून झटपट. घरच्या चुलीवरची उपमा आहे ही. माझी आजी दुकानात पाठवताना म्हणायची, चहाला आधण येईपर्यंत परत ये. सम्राटाचं आणि आजीचं घड्याळ एकच.

म्हणजे लगेच, चुटकीसरशी, लवकर, झटपट. चार वाक्यांत चार शब्द. आणि मूळ वाक्यात, शाईपेन, माझ्या मते क्रियाविशेषण लागतच नाही. मराठीत आपण सभा काय करतो? ‘आटोपती घेतो.’

धोपटमार्ग

‘आटोपती घेतली’! +१. हेच.

दंडान्वय

शब्द सुंदर आहे, पण माझा एक आक्षेप नोंदवतो. परीक्षेत मूळ वाक्यातला प्रत्येक शब्द भाषांतरात दिसावा लागतो. ‘केलेरितेर’ कुठे गेला असं परीक्षक विचारतील. भाषांतरात शब्द गिळायची सवय लागली की पुढे अर्थही गिळला जातो, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पुष्कळदा पाहिलंय.

कोरा_पानठा

सर, तुमची भीती खरी आहे, पण इथे शब्द गिळलेला नाही. लॅटिन वेग क्रियाविशेषणात ठेवतं. मराठी तो पुष्कळदा क्रियापदातच ठेवते : उरकणे, आटपणे, करून टाकणे. ‘पटकन, चटकन, झटकन’ हेसुद्धा मुळात आवाजच आहेत. ‘आटोपती घेणे’ यात ठरल्यापेक्षा आधी संपवणं आहेच. वर त्याला कारण आहे हेही आहे. पाऊस आला म्हणून, कोणी रुसलं म्हणून, विषय भलतीकडे चालला म्हणून आपण गोष्ट आटोपती घेतो. सीझरकडे कारण होतं.

आणि वाक्याचा दुसरा अर्धा भाग बघा. ‘लिस्कुम रेतिनेत’. ‘थांबवतो’ म्हणजे दारात अडवल्यासारखं. आपण म्हणू, ‘थांबवून घेतो’.

सभा आटोपती घेतो, लिस्कुसला थांबवून घेतो.

दोन्हीकडे ‘घेणे’ आलं. मराठीत ‘घेणे’ लागलं की काम करणाऱ्याचा स्वतःचा हेतू त्यात येतो. सभा त्यालाच संपवायची आहे, लिस्कुस त्यालाच हवा आहे. लॅटिनमध्ये दोन छोटी वाक्यं ‘आणि’ न लावता एकापुढे एक ठेवलीत, ‘दिमित्तित’ आणि ‘रेतिनेत’ दोन्ही ‘त’वर संपतात. तो ठेका मराठीत दोन ‘घेतो’मुळे राहतो. वर्तमानकाळही मूळचाच, बदलायची गरज नाही.

दंडान्वय

‘घेणे’चा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आक्षेप मागे घेतो. परीक्षेच्या जर्मन वाक्यात मात्र क्रियाविशेषण ठेव, शाईपेन.

रातपाळी

मला यातून हे मिळालं : नवीन मुलींना आता ‘स्टॅट म्हणजे लगेच, पटकन नव्हे’ असंच सांगणार. इतकी वर्षं ‘आत्ताच्या आत्ता, पण सावकाश’ असं लांबलचक सांगत होते.

निर्मळकाठ

ऑगस्टसचं जे वचन वर आलं, त्याच्याच जोडीला तो ग्रीकमध्ये ‘सावकाश घाई कर’ म्हणायचा. लॅटिनमध्ये ते ‘फेस्तिना लेन्ते’ म्हणून प्रसिद्ध आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतियुस याने आपल्या छापखान्याची खूण त्यावरून घेतली, नांगराला विळखा घातलेला डॉल्फिन. नांगर थांबवतो, डॉल्फिन पळतो. माझा जन्म समुद्रकाठचा. नांगर टाकलेली होडी भरतीच्या पाण्यावर कशी ओढ घेते ते रोज पाहिलंय, म्हणून ती खूण फार आवडते. रातपाळी ताईंचं ‘आत्ताच्या आत्ता, पण सावकाश’ हे तेच आहे. ते सोडू नका.

वाडेकर

उशिरा वाचतोय. ‘कितो’वरून एक आठवण. युरोपात प्लेगच्या काळातला सल्ला तीन क्रियाविशेषणांत सांगत : ‘कितो, लोंगे, तार्दे’. लवकर निघा, लांब जा, उशिरा परता. आमच्या घरात पणजीकडून आलेल्या गोष्टी आहेत, १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या. उंदीर पडला की घर सोडायचं आणि गावाबाहेर झोपडीत राहायला जायचं. पणजी म्हणायची, भांडी तशीच राहिली, देव तेवढे घेतले. तिला लॅटिन कुठलं, पण सल्ला तंतोतंत पाळला गेला. दंडान्वय सरांचं ‘राप्तिम’ वाचताना ते देव्हाऱ्यातले देव आठवले.

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात हे वाक्य माझ्याकडे आलं. जर्मनमध्ये क्रियाविशेषण ठेवून भाषांतर सांगितलं. बाईंनी विचारलं, वहीत दुसरंच काही लिहिलंय का, खाडाखोड फार दिसतेय. मी ‘आटोपती घेतो, थांबवून घेतो’ वाचून दाखवलं आणि ‘घेणे’ काय करतं ते मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्यांनी मला ते फळ्यावर देवनागरीत लिहायला लावलं आणि दोन ‘घेतो’खाली रेघ मारली.

आता लगेच पुढचं वाक्य. सीझर लिस्कुसला एकट्याला गाठून तेच परत विचारतो, आणि तो बोलतो : ‘दिकित लिबेरिउस आत्क्वे आउदाकिउस.’ पुन्हा दोन तुलनादर्शक क्रियाविशेषणं. पहिल्याला ‘अधिक मोकळेपणाने’. दुसऱ्याला ‘बेधडक’ लिहू का?

धोपटमार्ग

बेधडक नको. समोर सीझर बसलाय. बाकीचे उठून गेले म्हणून तो बोलतोय. ‘भीड सोडून’.